‘फक्त क्रोममध्ये उघडा’

जुलैचा शेवटचा आठवडा होता. परभणीत जिंतूर रोडवरच्या एका सेवा केंद्रात मी बसलो होतो. पीक विम्याची मुदत संपत आलेली, दाराबाहेर चपलांचा ढीग, आत सात-आठ माणसं सातबारा, आधार आणि पासबुकाच्या झेरॉक्स हातात घेऊन उभी. अर्ध्या तासापूर्वी लाइट गेली होती, इन्व्हर्टरनंही मान टाकली होती. लाइट आल्यावर केंद्र चालवणाऱ्या पोरानं संगणक सुरू केला, विम्याचं संकेतस्थळ उघडलं, तर पडद्यावर लाल त्रिकोण. हे कनेक्शन सुरक्षित नाही, असा इशारा. त्यानं बँकेचं पान उघडून पाहिलं, तेही लाल. रांगेतल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं विचारलं, “काय झालं रे बाबा, सायट बंद पडली का?” पोरगा म्हणाला, “नाही मामा, तारीख मागं गेली.”

कोपऱ्यातल्या घड्याळावर टिचकी मारून त्यानं साल दुरुस्त केलं आणि सगळी पानं सुतासारखी सरळ झाली. संगणकाच्या आत नाण्याएवढा एक सेल असतो, वीज नसतानाही तारीख धरून ठेवणारा. तो कधीचाच संपला होता. लाइट गेली की त्या यंत्राला वाटायचं की आपण अजून २००९ सालात आहोत, आणि २००९ सालात बसून पाहिलं तर आजच्या कुठल्याच संकेतस्थळाचं प्रमाणपत्र वैध ठरत नाही.

“आणि तारीख बरोबर असूनही लाल आलं तर?” मी विचारलं.

“तर खालच्या बारीक अक्षरांवर दाबायचं आणि तसंच आत जायचं. रांग थांबत नसते, सर.”

त्याला दोष द्यायला माझी जीभ रेटली नाही. जिथं आठवड्यातून तीनदा धोक्याची घंटा उगाच वाजते, तिथं खरी घंटा कोण ऐकणार? पण त्या घटकेला त्याच्यापुढं सात-आठ घरांचे आधार क्रमांक होते, खाते क्रमांक होते आणि अंगठे होते.

त्याच्या पडद्यावर तीन ब्राउझरची चिन्हं होती आणि त्यानं त्यांची नावं बदलून ठेवली होती. जुन्या निळ्या ‘ई’खाली लिहिलं होतं ‘टेंडर’. क्रोमखाली ‘विमा, आधार’. फायरफॉक्सखाली ‘क्रोम अडकलं तर’. भिंतीवर एका कागदावर जाड अक्षरात: फक्त क्रोममध्ये उघडा. ब्राउझरची सुरक्षा, त्याचा खुलेपणा आणि त्या बाजारातली स्पर्धा यांवर जगात पंचवीस-तीस वर्षं जो वाद चालला आहे, तो या तीन नावांत आणि त्या कागदात उतरलेला मला दिसला. आपल्याकडे हा वाद बहुधा देशी की परदेशी एवढ्यावरच येऊन थांबतो. परभणीसारख्या जिल्ह्यातून पाहिलं तर प्रश्न दोनच उरतात. सरकारी पान कुठल्याही चांगल्या ब्राउझरमध्ये उघडतं का? आणि जुन्या यंत्राला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत राहतात का?

निळ्या ‘ई’ची गोष्ट आधी. महाराष्ट्रात एमकेसीएल ही संस्था आणि तिचा एमएस-सीआयटी हा संगणकाचा अभ्यासक्रम २००१ साली सुरू झाले. गावोगावच्या हजारो मुलामुलींनी माऊस पहिल्यांदा हातात धरला तो त्या वर्गात. त्याच वर्षी इंटरनेट एक्सप्लोररची सहावी आवृत्ती आली. आमच्या पिढीला इंटरनेट म्हणजेच तो ‘ई’ वाटायचा. विंडोजबरोबर ब्राउझर फुकट देऊन मायक्रोसॉफ्टनं नेटस्केपला बाजारातून हुसकावलं, यावरून अमेरिकेच्या सरकारनं १९९८ साली त्या कंपनीवर खटला भरला होता, हे आम्हाला कुठं ठाऊक असणार! हरत आलेल्या नेटस्केपनं ३१ मार्च १९९८ रोजी आपल्या ब्राउझरचा कोड जगाला खुला केला. त्यातून मोझिला उभी राहिली आणि नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्स आला.

मराठी वाचकाला या मक्तेदारीचा चटका वेगळ्याच जागी बसला. त्या काळी अनेक मराठी संकेतस्थळं आपापल्या खास फॉन्टवर चालत. ‘क’च्या जागी प्रत्यक्षात इंग्रजी अक्षराचा क्रमांक असायचा आणि त्यावर देवनागरी आकार चढवलेला असायचा. पानाबरोबर तो फॉन्ट आपोआप उतरायचा, पण मायक्रोसॉफ्टच्याच पद्धतीनं, म्हणजे इंटरनेट एक्सप्लोररमध्येच. दुसऱ्या ब्राउझरमध्ये तेच पान उघडलं तर मथळ्यापासून खालपर्यंत इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता चिवडा. फायरफॉक्सवाल्यांसाठी ‘पद्मा’ नावाची एक जोडणी होती, ती हा चिवडा युनिकोडमध्ये बदलून वाचता येईल असं करायची. पुढं युनिकोड रुळला, रेड हॅटनं ‘लोहित’सारखे भारतीय लिप्यांचे फॉन्ट मुक्त परवान्यावर दिले, आणि मराठी मजकूर कुठल्याही ब्राउझरमध्ये दिसू लागला, शोधताही येऊ लागला. खुल्या मानकाचा अर्थ मला कुणी विचारला तर मी हेच उदाहरण देतो. आपली भाषा एका कंपनीच्या ब्राउझरची बांधील राहिली नाही.

‘टेंडर’ हे नाव मात्र त्या ‘ई’ला आणखी बरीच वर्षं चिकटून राहिलं. ई-निविदा भरायची तर डिजिटल सही लागते. ही सही यूएसबी टोकनमध्ये असते, आणि माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार तिला हातानं केलेल्या सहीचं मोल आहे. ब्राउझरला त्या टोकनापर्यंत पोचवायला जावाची जोडणी वापरली जायची. चोरांना संगणकात शिरायचं ते एक आवडतं दारच होतं. म्हणून सप्टेंबर २०१५ मध्ये क्रोमनं आपल्या ४५व्या आवृत्तीपासून अशा जोडण्यांचा पाठिंबा पूर्ण काढून टाकला, मार्च २०१७ मध्ये फायरफॉक्सनंही ५२व्या आवृत्तीत तेच केलं. दोघांचं बरोबरच होतं. पण इकडं संकेतस्थळं बदलली नाहीत तोवर ठेकेदार आणि त्यांची कामं करणारी पोरं काय करणार? जुना ‘ई’, जुना जावा, सुरक्षेची पातळी ओढून तळाला. ज्या संगणकात कायद्यानं मानलेली सही, तोच अख्ख्या दुकानातला सगळ्यात उघडा संगणक. मायक्रोसॉफ्टनं १५ जून २०२२ रोजी इंटरनेट एक्सप्लोरर अधिकृतपणे निवृत्त केला. जिंतूर रोडवरच्या त्या पडद्यावरून तो अजून निवृत्त झालेला नाही.

मग क्रोम आला. सप्टेंबर २००८ मधला हा नवखा ब्राउझर आज भारतात दहांपैकी जवळपास नऊ जण वापरतात. त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. प्रत्येक पान वेगळ्या कोंडवाड्यात चालवायचं, म्हणजे एका पानातून आलेला रोग दुसऱ्यात पसरत नाही, आणि दुरुस्त्या वापरणाऱ्याला न विचारता आपोआप चढवायच्या, या दोन गोष्टी क्रोमनं सर्वसामान्यांच्या अंगवळणी पाडल्या. ‘एचटीटीपीएस’ नसलेल्या पानावर ‘असुरक्षित’ असा शिक्का मारून त्यानं मोठमोठ्या संस्थांना कुलूप लावायला भाग पाडलं. ज्यांना ब्राउझर बदलायची उसंतच नाही, त्यांना क्रोमनं फुकटात बरंच संरक्षण दिलं आहे.

पण स्पर्धा कुठं राहिली? ऑपेरानं २०१३ मध्ये आपलं इंजिन सोडून गूगलचं घेतलं. मायक्रोसॉफ्टचा एज जानेवारी २०२० पासून क्रोमियमवर, म्हणजे क्रोमच्याच मूळ कोडवर, चालतो. वरचा रंग वेगळा, आतलं इंजिन एकच. क्रोमियमचा कोड खुला आहे, कुणीही उतरवून घ्यावा, हे खरं. मात्र रस्ता कुठं वळवायचा हे गूगलच ठरवतं. जोडण्यांचे नियम ‘मॅनिफेस्ट व्ही-३’ या नावानं बदलले तेव्हा जाहिराती अडवणारी ‘यूब्लॉक ओरिजिन’ ही लोकप्रिय जोडणी क्रोममध्ये बंद पडली. फायरफॉक्समध्ये ती अजून चालते. सेवा केंद्रात जाहिरात अडवणं ही चैन नव्हे. ‘सातबारा’ शोधल्यावर वर जाहिरात म्हणून आलेलं पान सरकारी आहे की कुण्या तिऱ्हाइताचं, हे घाईतल्या माणसाला कळत नाही. पत्त्याचा शेवट ‘जीओव्ही डॉट इन’ आहे का, एवढं पाहण्याची सवयही आपण कुणाला नीट लावलेली नाही.

आता विश्वासाचा प्रश्न, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पत्त्याशेजारचं कुलूप म्हणजे कुणीतरी दिलेली हमी. कुठल्या संस्थेची हमी मानायची याची यादी ब्राउझर किंवा विंडोज, अँड्रॉइडसारखी प्रणाली ठरवते. भारतात या कामासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली कंट्रोलर ऑफ सर्टिफाइंग अथॉरिटीज, म्हणजे सीसीए, ही सरकारी संस्था आहे. तिचं मूळ प्रमाणपत्र एकेकाळी मायक्रोसॉफ्टच्या यादीत होतं, त्यामुळं विंडोजवरचा क्रोमही ते मानायचा. २ जुलै २०१४ रोजी गूगलला आढळलं की सीसीएच्या छत्राखाली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रानं, म्हणजे एनआयसीनं, गूगलच्या काही पत्त्यांची प्रमाणपत्रं गूगलला न विचारताच दिली आहेत. असं प्रमाणपत्र ज्याच्या हाती, तो वाटेत बसून दुसऱ्याचा पत्रव्यवहार वाचू शकतो आणि कुलूप हिरवंच दिसत राहतं. दुसऱ्याच दिवशी सीसीएनं एनआयसीची संबंधित प्रमाणपत्रं रद्द केली. एनआयसीची प्रमाणपत्र देण्याची यंत्रणा कुणीतरी फोडली होती, असं सीसीएनं सांगितलं. गूगलनं त्यानंतर सीसीएची हमी काही मोजक्या भारतीय पत्त्यांपुरतीच मानायचं ठरवलं. फायरफॉक्सला झळ बसली नाही, कारण त्याच्या यादीत सीसीए मुळातच नव्हती. याद्या वेगवेगळ्या होत्या म्हणून सगळेच एकदम खड्ड्यात गेले नाहीत.

या अविश्वासाचा एक लहानसा पुरावा प्रत्येकाच्या घरात आहे. आधारची पीडीएफ उतरवून संगणकावर उघडली की सहीच्या जागी पिवळं प्रश्नचिन्ह दिसतं. सही खरीच असते, पण वाचणारा प्रोग्राम त्या हमीदाराला ओळखत नाही. त्यावर उजवी टिचकी मारून, आत जाऊन, ‘यावर विश्वास ठेव’ असं सांगावं लागतं, मग बरोबरची हिरवी खूण येते. कागदावर प्रश्नचिन्ह आहे म्हणून एखाद्याला परत पाठवणारा बाबू अडाणी नसतो. चिन्ह प्रश्नाचंच असतं ना.

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयानं, सीसीए आणि बंगळूरच्या सी-डॅकला बरोबर घेऊन, भारतीय ब्राउझर घडवण्याची स्पर्धा जाहीर केली ती या पार्श्वभूमीवर. एकूण बक्षिसं ३ कोटी ४१ लाखांची. अटींमध्ये ठळकपणे हे होतं की ब्राउझरची स्वतःची विश्वासू यादी असावी आणि तीत सीसीएचं मूळ प्रमाणपत्र असावं. मार्च २०२५ मध्ये निकाल लागला. पहिलं एक कोटीचं बक्षीस झोहोला, त्यांच्या ‘उला’ या ब्राउझरसाठी. उला चांगला आहे, खासगीपणाची काळजी घेतो, पण तोही क्रोमियमवरच उभा आहे. त्याआधी २०१० साली बंगळूरच्या हिडन रिफ्लेक्स कंपनीनं ‘एपिक’ आणला होता, भारतीय भाषांत टंकनाची सोय असलेला. तो आधी फायरफॉक्सच्या कोडवर होता, नंतर क्रोमियमवर गेला.

आपला ब्राउझर असावा, या भावनेशी माझं भांडण नाही. परक्याच्या यादीत नाव नाही म्हणून आपल्या देशाची सही प्रश्नचिन्हाखाली राहते, हे मलाही खटकतं. पण विश्वास मागून मिळत नाही, हिशेब उघडा ठेवून मिळतो. बंगळूरच्याच ई-मुद्रा कंपनीनं ते करून दाखवलं. परीक्षणं दिली, मोझिलाच्या सार्वजनिक चर्चेत शंकांना उत्तरं दिली, आणि तिची ‘एमसाइन’ प्रमाणपत्रं फायरफॉक्सच्या यादीत दाखल झाली. उलट उदाहरण कझाकस्तानचं. तिथल्या सरकारनं २०१९ मध्ये नागरिकांना सरकारी प्रमाणपत्र ब्राउझरमध्ये बसवायला लावलं, म्हणजे त्यांची वाहतूक वाचता यावी. गूगल, मोझिला आणि ॲपल या तिघांनी त्या ऑगस्टमध्ये ते अडवलं. देशी ब्राउझरला देशी यादी द्यायची असेल, तर त्या यादीवर नजर ठेवणारे त्रयस्थ डोळेही द्यावे लागतील. पोर्टल ‘फक्त देशी ब्राउझरमध्ये उघडा’ म्हणू लागलं, तर भिंतीवरचा कागद तोच राहील, एक शब्द तेवढा बदलेल.

आतापर्यंत मी संगणकाचंच बोललो. सोनपेठ-पालमच्या खेड्यांत ब्राउझर पोचला तो फोनवरून. टूजीच्या काळात पान दाबून लहान करणारे ऑपेरा मिनी आणि यूसी ब्राउझर म्हणजे जीव की प्राण. दहा रुपयांचा रिचार्ज त्यांच्यामुळं पुरायचा. पान लहान होतं ते वाटेतल्या कंपनीच्या सर्व्हरवर, म्हणजे तुम्ही काय पाहता हे ती कंपनी पाहते, हे कुणी सांगितलं नव्हतं. टोरंटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबनं मे २०१५ मध्ये दाखवून दिलं की यूसी ब्राउझर वापरणाऱ्याची माहिती नीट न झाकताच पाठवतो. भारतात त्याच्यावर बंदी आली ती पाच वर्षांनी, २९ जून २०२० रोजी, गलवानच्या संघर्षानंतर, ५९ चिनी ॲपच्या यादीत. सीमेवर रक्त सांडलं तेव्हा तो दोष दिसला. गरिबाच्या फोनमधून माहिती गळत होती तेव्हा दिसला नाही. याचं मला आजही वाईट वाटतं.

त्याच काळातली एक चांगली गोष्ट फारशी सांगितली जात नाही. मोझिलानं फायरफॉक्सच्या इंजिनावर फोनची प्रणाली बांधली होती. २०१४ मध्ये इंटेक्सनं तिच्यावर चालणारा १,९९९ रुपयांचा फोन भारतात आणला, तो चालला नाही आणि मोझिलानं तो नाद सोडला. पण कोड खुला होता. त्यातून कायओएस निघाली आणि २०१७ मध्ये ती जिओफोनवर बसून खेड्यापाड्यांत पसरली. बाजेवर बसून जिओफोनवर भजनं पाहणाऱ्या आजीच्या हातात नेटस्केपच्या वंशातलं इंजिन होतं.

स्पर्धेच्या बाजूनं आपल्याकडे एक ठोस निर्णय झाला. भारतीय स्पर्धा आयोगानं २० ऑक्टोबर २०२२ रोजी अँड्रॉइडमधल्या मक्तेदारीबद्दल गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला. फोनबरोबर क्रोम सक्तीनं देऊन गूगलनं ब्राउझरच्या बाजारातली आपली जागा राखली, असा स्पष्ट निष्कर्ष त्या निकालात होता. अपील न्यायाधिकरणानं मार्च २०२३ मध्ये दंड कायम ठेवला, काही निर्देश मात्र काढून टाकले. अमेरिकेत न्यायाधीश अमित मेहता यांनी ५ ऑगस्ट २०२४ रोजी गूगलला शोधयंत्राच्या बाजारातला बेकायदा मक्तेदार ठरवलं. एकट्या २०२१ सालात गूगलनं ब्राउझर आणि फोनमध्ये आपलंच शोधयंत्र आधीपासून बसवून ठेवायला २,६३० कोटी डॉलर वाटले, हे त्याच खटल्यात उघड झालं. क्रोम विकायला लावा, अशी सरकारची मागणी होती. २ सप्टेंबर २०२५ च्या निकालात ती फेटाळली गेली, एकाधिकाराचे करार तेवढे बंद झाले. गुंता असा आहे की मोझिलाचं बहुतांश उत्पन्नही गूगलच्याच पैशातून येतं. तो झरा आटला तर दुसरं इंजिनच बंद पडायचं.

हे दुसरं इंजिन जगावं असं मला का वाटतं, याचं कारण पुन्हा सेवा केंद्रातच आहे. पोराचा संगणक विंडोज ७ वरचा. क्रोमची १०९ ही त्यासाठीची शेवटची आवृत्ती, फेब्रुवारी २०२३ पासून दुरुस्त्या बंद. फायरफॉक्सनं मात्र ११५व्या आवृत्तीला विंडोज ७ साठी पुढची अडीच वर्षं तरी दुरुस्त्या पुरवल्या, मुदत पुन्हा पुन्हा वाढवत. फोनचंही तसंच. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या १३९व्या आवृत्तीपासून क्रोमला अँड्रॉइड १० लागतो, तेव्हा अँड्रॉइड ८ आणि ९ चे फोन सुटले ते सुटलेच. फायरफॉक्सनं त्यांना लगेच सोडलं नाही. आमच्याकडे थोरल्याचा फोन धाकट्याकडे आणि धाकट्याचा आईकडे जातो. आईच्या फोनपर्यंत दुरुस्ती पोचते का, हे दुसरा ब्राउझर जिवंत आहे की नाही यावर ठरतं.

मग पोरगा फायरफॉक्स का वापरत नाही? अंगठ्यामुळं. अंगठा घेणाऱ्या यंत्राचा एक छोटा प्रोग्राम संगणकावर सतत चालू असतो आणि ११,१०० ते ११,१२० या क्रमांकांच्या खिडक्यांपैकी एकीवर कान देऊन बसतो. संकेतस्थळ ब्राउझरमार्फत त्या खिडकीवर टकटक करतं आणि अंगठा मागतं. बनवणाऱ्यानं हे क्रोमवरच तपासलेलं, म्हणून ते क्रोमवरच खात्रीनं चालतं. आता यातली अडचण पाहा. कुठलंही संकेतस्थळ अशी टकटक करू शकतं. मेटा आणि यांडेक्स या कंपन्यांचे कोड अँड्रॉइडवर असंच करून वापरणाऱ्याची ओळख पटवत होते, हे जून २०२५ मध्ये संशोधकांनी उघड केलं. त्याच वर्षाच्या अखेरीस क्रोमच्या १४२व्या आवृत्तीनं अशा टकटकीआधी परवानगी विचारायला सुरुवात केली. बदल योग्यच. पण जिथं नवा क्रोम आहे तिथं घाईत ‘नाही’वर बोट पडलं की यंत्र सापडत नाही, आणि का सापडत नाही हे मराठीत सांगणारं कुणी नाही. सुरक्षेची सुधारणा इथं रांगेत उभ्या माणसाला ‘सर्वर डाऊन’ म्हणूनच कळते.

सरकारी संकेतस्थळांसाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं २००९ पासून आहेत, तिसरी आवृत्ती २०२३ ची. पान वेगवेगळ्या ब्राउझरमध्ये चाललं पाहिजे, हे त्यांत आहे. खुल्या मानकांचं धोरण २०१० चं. म्हणजे नवा नियम करायचीही गरज नाही. कामाचं पान ब्राउझरमध्ये नीट चाललं, तर लोकांना ॲप उतरवायची सवय लागत नाही, आणि व्हॉट्सॲपवर योजनेच्या नावानं फिरणाऱ्या खोट्या ॲपच्या फायलींना गिऱ्हाईक कमी मिळतं. ब्राउझरमधलं पान कोंडवाड्यात असतं. बाहेरून आणून बसवलेलं ॲप एकदा परवानगी मिळाली की एसएमएस वाचतं, आणि ओटीपी तिथंच असतो.

जिल्हा पातळीवर होण्यासारखं एक काम मला दिसतं. परभणीत नऊ तालुके आहेत. प्रत्येक तहसीलमध्ये एक जुना संगणक, त्यावर क्रोमबरोबर फायरफॉक्सही, आणि अँड्रॉइड ८ चा एक वापरलेला फोन ठेवावा. खरिपाचं किंवा अनुदानाचं कुठलंही नवं पोर्टल खुलं होण्याआधी एका केंद्रचालकानं आणि एका शेतकऱ्यानं त्या तिन्हींवर अर्ज शेवटपर्यंत भरून पाहावा, अंगठ्यासकट. जिथं अडलं तिथला पडदा टिपून पोर्टल बनवणाऱ्याकडे पाठवावा. जुलैची ३१ तारीख उजाडायच्या आत, मे महिन्यातच.